न्हाणीतली पिवळी ज्योत

पुण्यात कोणालाही विचारा, गॅस गीझरविषयी त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. मी अठ्ठावीस वर्षं गीझर बसवले, उघडले, साफ केले, काही घरांत मालकाशी भांडून उतरवलेसुद्धा. तरी ज्यांच्याकडे गेलो त्यांतल्या निम्म्या लोकांनी मला दारातच शिकवणी लावली. आधी वॉशर बघा, आमच्या शेजाऱ्यांच्या गीझरला अगदी असंच झालं होतं, वगैरे. शेजाऱ्यांच्या गीझरला काय झालं होतं हे शेजाऱ्यांनाही सांगता येत नसे, पण ते असो.

ज्यांनी ही वस्तू फक्त अंघोळीपुरती पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने गॅसची झडप उघडते, दोन सेलवर ठिणगी पडते, खाली बर्नर पेटतो आणि वरच्या तांब्याच्या नळीतून जाणारं पाणी तापतं. एवढंच. यात कळण्यासारखी गोष्ट एकच आहे, की ज्योतीला माणसासारखीच हवा लागते. भरपूर हवा मिळाली तर ती निळी जळते. हवा कमी पडली की पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू सोडू लागते. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घाण वास घातलेला असतो, त्यामुळे गळती कळते. या वायूला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग पाय जातात. पायच गेले की कडी काढायला कोण उठणार?

हे मी हजार वेळा सांगितलं असेल आणि हजार वेळा एकच उत्तर ऐकलं, "पण वास तर काहीच येत नाही." गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, गाढव निदान "वास येत नाही" असं तरी म्हणत नाही.

एरंडवण्यात एक निवृत्त प्राध्यापक होते, रसायनशास्त्राचे. पाणी पुरेसं तापत नाही अशी त्यांची तक्रार. जाऊन पाहतो तर गार वारा येतो म्हणून बाथरूमच्या झरोक्यात वर्तमानपत्रांच्या घड्या ठासून भरलेल्या. त्यांच्या पत्नीला दोन हिवाळे अंघोळीनंतर चक्कर येत होती आणि वैद्यांचं पित्ताचं औषध चालू होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी कागद काढा म्हणालो तर सरांनी मला ज्वलनाचं समीकरण लिहिता येतं का असं विचारलं. मी म्हणालो, समीकरण येत नाही, कागद काढता येतात. ते बाईंनीच स्टुलावर चढून काढले. पुढे वर्षभराने त्यांच्याच सोसायटीत दुसरीकडे गेलो तेव्हा कळलं की चकरेचं कारण सरांनी स्वतः शोधून काढलं होतं.

अशा शहाण्यांवर मला नुसतं हसू येतं. धायरीच्या प्रकरणावर मात्र मला मोकळेपणाने हसता येत नाही, कारण तिथला गीझर मीच बसवला होता आणि चुकीच्या जागी बसवला होता.

धायरी तेव्हा नुकती शहरात येत होती. दत्तोबा म्हणून एक शेतकरी गृहस्थ होते. शेताचा रस्त्याकडचा तुकडा बिल्डरला देऊन त्यांनी दुमजली बंगला बांधला होता, पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट. घरात म्हातारी आई, बायको शालन आणि नववीतली मुलगी. शेजारी चुलतभाऊ बबनराव. दोन घरांच्या मध्ये अडीच हात रुंदीचा बोळ होता आणि तो कोणाचा यावरून त्यांची कोर्टात केस चालू होती. दोघं एकमेकांशी बोलत नसत. बायकासुद्धा वाळवण घालताना एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत.

मी सांगितलं, गीझर बाथरूममध्ये नको, मागच्या भिंतीवर बाहेरून लावू, गरम पाण्याची नळी तेवढी आत आणू. बाथरूमची मागची भिंत नेमकी त्या बोळाकडे. दत्तोबा म्हणाले, भिंतीला बाहेरून खिळा ठोकला तरी बबन्या वकील घेऊन येईल. मी दोनदा सांगून पाहिलं. मग कंटाळलो. बाथरूमला बोळाकडे उघडणारी बऱ्यापैकी मोठी खिडकी होती, म्हणून आत बसवून दिला आणि पावतीवर लिहिलं, "खिडकी कायम उघडी ठेवावी." लिहून दिलं की आपण सुटलो, ही पुणेरी पाटी लावणाऱ्याची श्रद्धा माझ्यातही आहे. ती पावती त्या घरात कोणी वाचली असेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत दत्तोबांचा फोन आला. गीझर मध्येच विझतोय, बहुधा सेल गेलेत. मी गेलो. बाथरूमचं दार उघडलं आणि पहिल्यांदा वर पाहिलं. छताला तव्याएवढा काळा डाग. गीझरच्या तोंडावर काजळी. आणि खिडकीच्या जागी विटा, वर सिमेंटचा गिलावा, त्याला छान पांढरा रंग. बबनरावांनी बोळात जिना काढला होता आणि त्याच्या तिसऱ्या पायरीवरून बाथरूममध्ये दिसतं म्हणून दत्तोबांनी दसऱ्याच्या आधी खिडकीच बुजवून टाकली होती. नळ सोडून पाहिला. ज्योत पिवळीधमक. विझत होती तेच बरं होतं.

मी विचारलं, अंघोळीनंतर घरात कोणाचं डोकं दुखतं का, चक्कर येते का?

दत्तोबा हसले. "डोकं काय घेऊन बसलाय, मिस्त्री? हितं देवी येती."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण गृहस्थ अगदी अभिमानाने सांगत होते. नवरात्रापासून शालनच्या अंगात येऊ लागलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी डोक्यावरून न्हाऊन बाहेर आली की डोळे तारवटतात, चेहरा लाल होतो, झोकांड्या खाते, भलतंसलतं बोलते. म्हातारीने पहिल्याच दिवशी ओळखलं आणि हळदकुंकू आणलं. आता शुक्रवारी ओसरीवर वीस-पंचवीस माणसं नारळ घेऊन बसतात. आणि मुख्य म्हणजे बबन्या येतो. आठ वर्षांत ज्याने उंबरा ओलांडला नव्हता तो येऊन पायावर डोकं ठेवतो. हे सांगताना दत्तोबांचा चेहरा असा खुलला होता की कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला असता तरी एवढा खुलला नसता.

मी मनात हिशेब जुळवत होतो. पुरुषमाणूस पाच मिनिटांत अंघोळ उरकतो. म्हातारी परसातल्या तांब्याच्या बंबाच्या पाण्याने मागच्या अंगणात न्हाते. लांब केस धुवायला कोंडलेल्या खोलीत अर्धा-पाऊण तास कोण बसतं? बायका. आणि कोणत्या वारी? मंगळवारी आणि शुक्रवारी. नवरात्र तर निमित्त झालं, खिडकी त्याच आठवड्यात बुजली होती.

मी दत्तोबांना म्हणालो, माझ्याकडे सेल नाहीत. पिशवीत चार होते. ते मोटारसायकल काढून दुकानात गेले आणि शालन चहा घेऊन आली. पस्तिशीची, शांत, कपाळाला मोठं कुंकू. मी सरळच सांगितलं. देवीचा शब्द मुद्दाम काढला नाही. खिडकी बंद झाल्यामुळे गीझर विषारी वायू सोडतो आहे, त्याने डोकं दुखतं, तोल जातो, असंच चालू राहिलं तर जीव जाईल, असं म्हणालो.

ती चकित झाली नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "डोकं दुखतंय, पाय लटपटत्यात, समदं ठावं हाय मला. पर त्या दिशी घरात माझं ऐकत्यात, भाऊ."

ती पुढे सांगू लागली. एरवी तिला विचारतात ते भाजीत मीठ घातलंस का एवढंच. दहावी झाल्या झाल्या मुलीचं लग्न करायचं दिवाळीत ठरलं होतं, मुलगा सासूच्या माहेरचा. शालन नको म्हणाली तेव्हा नवऱ्याने जेवणाचं ताट सरकवलं होतं. पुढच्या शुक्रवारी तिच्या तोंडून देवी नको म्हणाली आणि त्याच नवऱ्याने पाहुण्यांना नारळ देऊन परत पाठवलं. मुलीला कॉलेजात घालायचं हेही देवीनेच सांगितलं. त्यातलं किती बेशुद्धीत बोललं गेलं आणि किती शुद्धीत, हे मी विचारलं नाही. तो माझा प्रांत नव्हे.

मी म्हणालो, "वहिनी, एक शुक्रवार असा येईल की आतली कडी काढायला तुम्ही उठणार नाही."

"मला काय हुयाचं त्ये हू द्या. पोरगी तर शिकंल."

असं उत्तर मी अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही. इतर लोक अज्ञानाने मरायला निघालेले असायचे, आणि अज्ञानावर तोंडसुख घेता येतं. ही बाई समजून उमजून निघाली होती. रिकामी कपबशी उचलून ती वळली आणि मग थांबली.

"माझ्यामागनं पोरगी न्हाती. तिलाबी?"

"तिला तुमच्यापेक्षा जास्त," मी म्हणालो. "तुमच्या न्हाण्यात खराब झालेली हवा तिच्या वाट्याला येते."

ती कपबशी घेऊन आत गेली.

दत्तोबा सेल घेऊन आले. मी हात जोडून सांगितलं की खिडकी फोडल्याशिवाय किंवा गीझर बाहेर काढल्याशिवाय मी सेल घालणार नाही. मग आमची जुंपली. खिडकी फोडली तर बबन्याच्या जिन्यावरून घरातल्या बायका दिसणार. गीझर बाहेर काढला तर बबन्या केस वाढवणार. शिवाय देवी न्हाणीतून येते, त्या न्हाणीला हात कोण लावणार? मी वायूचं सांगितलं तर म्हणाले, तुम्ही पेठेतली माणसं, देव मानत नाही. मी म्हणालो मी देव मानतो, पण तो गीझरमधून येतो असं माझ्या देवाने मला कळवलेलं नाही. या वाक्याबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो. टोमणा चांगला होता, पण त्याने दत्तोबा जे थोडंफार ऐकत होते तेही बंद झाले.

"सेल बदला न् जावा," ते म्हणाले. "बाकीचं आमचं आमी बगतो."

मी गॅसची रबरी नळी काढून पिशवीत घातली आणि निघालो. मालकाच्या परवानगीशिवाय त्याची वस्तू उचलून नेणं हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं. मागून शिव्या आल्या, त्या ऐकल्या. वाटलं, दोन दिवस तरी बंद राहील.

दोन दिवसच राहिला. गुरुवारी मी फोन केला तेव्हा कळलं की हडपसरचा एक मिस्त्री येऊन नवीन नळी जोडून, सेल घालून गेला होता, माझ्यासारखं लेक्चर न देता. तो छताचा डाग बघून काय म्हणाला असं मी विचारलं. दत्तोबा म्हणाले, चुना मारून घ्या म्हणाला. आमच्या धंद्यातल्या बहुसंख्यांची ही पातळी आहे. पण त्याला नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. तो गीझर आत टांगला होता मी.

शुक्रवारी सकाळी नळी परत द्यायच्या निमित्ताने गेलो. काही सुचलेलं नव्हतं, फक्त घरी बसवेना. सिंहगड रस्त्याला कसलीशी खोदाई चालू होती, तिथे अर्धा तास गेला. पोहोचलो तेव्हा ओसरीवर माणसं जमली होती, म्हातारी ताट लावून बसली होती, बबनराव खांबाला टेकून उभे. मी कोणाला न विचारता घरात शिरलो आणि बाथरूमपाशी गेलो. दार बंद होतं. दोनदा थापा मारल्या. आतून आवाज नाही. ढकललं तर दार उघडलं. आत कोणी नव्हतं. फरशी कोरडी होती, बादली उपडी. गीझरला हात लावला, थंडगार.

मागच्या दाराने परसात डोकावलो. म्हातारीचा बंब धगधगत होता आणि दोरीवर दोन ओले टॉवेल वाळत होते. मुलगी उन्हात केस पुसत बसली होती.

तेवढ्यात ओसरीवर गलका झाला. परत येऊन पाहतो तर शालन मध्यभागी उभी, केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले, संथ घुमत होती. दत्तोबा हात जोडून पुढे झाले. ती बराच वेळ नुसती हुंकारत राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझ्या घरात आग कोंडलीया. माझा दम कोंडलाय. भिंत फोडा."

"कंची भिंत, आई?" दत्तोबांनी विचारलं.

"न्हाणीची. वारा येऊ द्या. आग भाईर न्या."

मग तिने मान वळवून खांबाकडे पाहिलं. "बबन्या, तुझी जागा दे आगीला."

बबनराव थरथरत पुढे आले, जमिनीला डोकं टेकलं आणि म्हणाले, "दिली, आई." अडीच हात बोळासाठी आठ वर्षं दोन वकील पोसले गेले होते. जागा सुटायला एक श्वास पुरला.

आणि मग त्या मिटलेल्या डोळ्यांच्या बाईने हात लांब करून बोट नेमकं माझ्याकडे रोखलं. "ह्यो मानूस सांगंल तसं करा."

वीस-पंचवीस माणसांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. एका म्हाताऱ्याने मला नमस्कार केला. माझ्याकडे आयटीआयचं प्रमाणपत्र आहे, दोन कंपन्यांची प्रशिक्षणाची पत्रं आहेत, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा अनुभव होता. यातल्या कशानेही त्या घरात एक वीट हलली नव्हती. आता दत्तोबा पहार शोधायला धावले आणि बबनराव आपल्या घरातून घण घेऊन आले. दोघं भाऊ एकाच भिंतीवर दोन बाजूंनी घाव घालत होते आणि कुठे मारू, मिस्त्री, म्हणून मला विचारत होते. दुपारी दोनपर्यंत खिडकी मोकळी झाली. तिला वर काचेच्या तिरक्या पट्ट्या लावायला सांगितल्या, म्हणजे हवा येईल आणि जिन्यावरून दिसणार नाही. असला साधा उपाय मला आधीच सुचायला हवा होता. मी टोमणे जुळवण्यात गुंतलो होतो. गीझर उतरवला, धुऊन काजळी काढली आणि बोळातल्या भिंतीवर बाहेरून बसवला. वर पत्र्याचं छप्पर बबनरावांनी स्वखर्चाने दिलं.

या सगळ्यात शालन दिसली नाही. देवी गेल्यावर ती आत जाऊन झोपली, असं म्हातारीने सांगितलं. मी निघताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दमलेली वाटत होती. परत येताना गाडीवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला हरकत नाही, आता वय झालं.

मग मला वेगळीच काळजी लागली. हवा खेळती झाली, म्हणजे आता तोल जाणार नाही, चेहरा लाल होणार नाही. देवी बंद झाली की त्या मुलीच्या कॉलेजचं काय होणार? मी शालनचा जीव वाचवला की तिच्या हातातली एकुलती एक गोष्ट काढून घेतली, याचा विचार मी बरेच महिने करत होतो. फोन करून विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या थंडीच्या तोंडावर दत्तोबांनीच बोलावलं, गीझर साफ करायला. मी पूर्ण उघडून तपासला. बर्नर स्वच्छ, ज्योत निळी, छताला डाग नाही. मुलगी कॉलेजचं दप्तर पाठीला लावून माझ्या समोरून गेली. शालनने चहा आणून ठेवला आणि गीझर नीट बघा, भाऊ, एवढं म्हणून ती निघून गेली.

मग दत्तोबा जवळ आले आणि हळूच विचारू लागले. हडपसरचा तो मिस्त्री आणि मी, आम्ही दोघं जाणकार. तेव्हा खरं काय ते मी सांगावं. गीझरमध्ये काही दोष उरलाय का?

मी म्हणालो, काही नाही. आता या न्हाणीत तान्हं मूल निजवलं तरी चालेल.

"अंगात तर अजून येतंय," ते म्हणाले. "मागल्या म्हैन्यात पोरीला लांबचं स्थळ आलं व्हतं, तवा तर सोमवारीबी आली." मग म्हणाले, "आता तरी पटलं का, मिस्त्री, देवी खरी हाय म्हणून?"

"पटलं," मी म्हणालो. अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाइकाशी मी पुष्कळ वेळा वेळ मारून नेणारं बोललो आहे. ते त्यांतलं नव्हतं.